कंट्रोलर बाद ठरवण्याआधी दोष शोधा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की जळगाव, धुळे, भुसावळच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत मुले व्हिडिओ गेमचे रिमोट, म्हणजे कंट्रोलर, घेऊन येतात. पुष्कळदा काउंटरवरच सांगितले जाते, ‘बोर्ड (आतली सर्किटची पाटी) गेला, नवा घ्या.’ मूळ कंपनीचा कंट्रोलर हजारोंच्या घरात जातो आणि बोर्ड खरोखर गेलेला क्वचितच असतो. केबल, स्टिक (अंगठ्याने फिरवायची दांडी), बटणाखालचा संपर्क आणि बॅटरी या चार जागा आधी तपासायला हव्यात. त्यातले बरेचसे काम पेचकस हातात न घेताही होते.

पहिला संशय केबलवर घ्यावा. अनेक स्वस्त केबलमध्ये चार्जिंगच्या दोनच तारा असतात, डेटाच्या नसतात. कंट्रोलर चार्ज होतो, पण कन्सोल, म्हणजे गेमचे मुख्य यंत्र, त्याला ओळखत नाही. ज्या केबलने मोबाइलमधले फोटो कॉम्प्युटरवर उतरतात ती लावून पाहावी. चार्जिंगच होत नसेल तर पोर्टमध्ये टॉर्च मारून बघावे. आपल्याकडे कपाशीचा हंगाम संपतो न संपतो तोच फुफाट्याचे दिवस येतात. पोर्टच्या तळाशी तंतू आणि धूळ दाबून बसतात आणि पिन पूर्ण आत जात नाही. कंट्रोलर बंद करून ही धूळ लाकडी टूथपिकने हलकेच काढावी. सुई किंवा टाचणी घालू नये, आतल्या पट्ट्या वाकतात.

जोडणीच होत नसेल तर रीसेट करावे. ड्युअलशॉक ४ (प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर) च्या पाठीवर एल२ बटणाजवळ आणि ड्युअलसेन्सच्या (प्लेस्टेशन ५ चा) पाठीवर सोनीच्या लोगोजवळ बारीक छिद्र असते. कन्सोल बंद करून त्यात पिन घालावी, आतले बटण ५ सेकंद दाबून धरावे, मग डेटा केबलने कन्सोलला जोडून मधले पीएस (प्लेस्टेशन) बटण दाबावे. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये आधी दोन्ही एए सेल बदलून पाहावेत. लॉजिटेकच्या एफ३१० या कंट्रोलरच्या पाठीवर जोडणीची पद्धत निवडायचा एक्स आणि डी असा खटका आहे. तो चुकीच्या बाजूला असला तरी गेम कंट्रोलरला दाद देत नाही. साध्या यूएसबी जॉयस्टिकवर ‘ॲनालॉग’ नावाचे बटण असते. त्याचा लाल दिवा बंद असेल तर डावी स्टिक नुसती दिशेच्या बटणांसारखी चालते आणि उजवीचे काम भलतेच होते. तिथे दुरुस्ती नको, बटण दाबणे पुरते.

सगळ्यात जास्त तक्रार असते ती ड्रिफ्टची: बोट न लावताही खेळाडू एका बाजूला चालत राहतो. प्रत्येक स्टिकखाली दोन पोटेन्शिओमीटर, म्हणजे स्टिक किती सरकली ते मोजणारे भाग, असतात, एक आडव्या आणि एक उभ्या हालचालीसाठी. जुन्या रेडिओचा आवाजाचा खुंटा खरखरायचा, त्यातलाच हा प्रकार. कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासते, पट्टी झिजते, तिचीच भुकटी जिभेखाली अडकते, वर बाहेरची धूळ मिसळते.

विंडोज कॉम्प्युटरला कंट्रोलर जोडून ‘रन’मध्ये जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) ही आज्ञा इंग्रजीत टाइप करावी आणि कंट्रोलर निवडून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे. चौकोनात एक फुली दिसते. स्टिक वर, खाली, डावीकडे, उजवीकडे पूर्ण ढकलून सोडावी आणि फुली कुठे परतते ते पाहावे. दर वेळी एकाच चुकीच्या जागी थांबत असेल तर मध्य सरकला आहे. गेममधला डेडझोन (मध्याजवळची जी हालचाल गेम धरत नाही तो भाग) थोडा वाढवून किंवा कॅलिब्रेशन करून, म्हणजे मध्य नव्याने ठरवून, भागते. फुली थरथरत असेल, उड्या मारत असेल, तर पट्टी मळली किंवा झिजली आहे.

मळ काढायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच घ्यावे. ७० टक्केवाल्यात पाणी असते, थिनरने प्लास्टिक विरघळते आणि गंज सोडवण्याचा साधा स्प्रे तेलाचा थर मागे ठेवतो. कंट्रोलर बंद करून स्टिक एका बाजूला झुकवावी, बुडाशी दोन-तीन थेंब सोडावेत, १५-२० वेळा गोल फिरवावे आणि अर्धा तास तरी चालू करू नये. याने आराम पडतो, पण झिजलेली पट्टी भरून येत नाही. दोष परत आला की मॉड्यूल, म्हणजे स्टिकचा पोटेन्शिओमीटरसह अख्खा भाग, बदलणे हाच उपाय.

मॉड्यूल बदलणे हे कारागिराचे काम आहे. त्याचे १४ पाय बोर्डात कथिलाने जोडलेले असतात. कंपनीचे शिसेविरहित कथिल लवकर वितळत नाही. आधी शिशाचे कथिल मिसळून मगच ते ओढून घ्यावे लागते. घाईत पाय उपटला की छिद्राभोवतीची तांब्याची कडी उखडते आणि तेव्हा मात्र बोर्ड खरोखरच जातो. हॉल इफेक्टचा मॉड्यूल बसवून घेणे उत्तम. त्यात चुंबकावर मोजमाप होते, झिजायला कार्बनची पट्टीच नसते. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरला तो बसवल्यावर कॅलिब्रेशन करावेच लागते, नाहीतर नवी स्टिकही वाकडीच चालते.

ड्युअलशॉक ४ ची काही बटणे दबत नसतील किंवा आपोआप दबत असतील तर बटणांखालची पातळ प्लास्टिकची फिल्म पाहावी. तिचे टोक स्पंजच्या तुकड्याने बोर्डावर दाबलेले असते, स्पंज बसला की संपर्क सुटतो. नवी फिल्म किंवा चार्जिंगची छोटी पट्टी घेताना जेडीएस-००१, जेडीएस-०३० असा बोर्डाचा क्रमांक जुळवून घ्यावा, नाहीतर रिबनच्या पिना जुळत नाहीत. बॅटरीचेही तसेच: ड्युअलशॉक ४ च्या झेडसीटी१ आणि झेडसीटी२ या मॉडेलचे कनेक्टर वेगळे आहेत.

बॅटरीबद्दल कळकळीने लिहितो. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, खिडकीशी चार्जिंगला लावलेला कंट्रोलर तिथवर सहज पोचतो. कंट्रोलरच्या दोन अर्ध्या भागांमध्ये फट दिसू लागली तर बॅटरी फुगली आहे असे धरावे. वापर त्याच क्षणी थांबवावा. ती दाबू नये, टोचू नये, घंटागाडीतही टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रातच द्यावी.

खान्देशातल्या दुरुस्ती व्यावसायिकांना विनंती आहे: पावतीवर फक्त ‘रिमोट रिपेअर’ न लिहिता कोणता भाग बदलला, साधा की हॉल इफेक्ट, हे लिहावे. काढलेला मॉड्यूल ग्राहकाच्या हातात द्यावा आणि फुली मधोमध थांबते हे त्याच्यासमोर कॉम्प्युटरवर दाखवूनच पैसे घ्यावेत.

आपला,
एक इलेक्ट्रॉनिक्स कारागीर,
अमळनेर, जि. जळगाव