एपी क्रेडिट : २० जूनच्या आत एवढं करा

नमस्कार मंडळी, मुलांच्या एपी परीक्षा (हायस्कूलमध्येच घेतलेल्या कॉलेज पातळीच्या कोर्सच्या परीक्षा, चांगल्या स्कोअरवर बऱ्याच कॉलेजांत त्या कोर्सचं क्रेडिट मिळतं) मे मध्ये झाल्या, पण खरं काम आता आहे. या वर्षीचे स्कोअर एका कॉलेजला फुकट पाठवता येतात, त्याची मुदत २० जून, नंतर पाठवायचे तर पैसे पडतात. ज्यांची मुलं या फॉलमध्ये कॉलेजला चाललीयेत त्यांनी आजच मुलाला कॉलेज बोर्डच्या (एपी परीक्षा घेणारी संस्था) अकाउंटवर बसवा आणि तेच कॉलेज निवडा.

येत्या रविवारी संध्याकाळी ७ ला (ईस्टर्न टाइम) झूमवर बसूया, अकरावी-बारावीचे पालक आणि मुलं दोघंही या. येताना :

- कॉलेजच्या साइटवरचं एपी पॉलिसीचं पान वाचून या. रटगर्समध्ये ५ पैकी ४ किंवा ५ स्कोअरला क्रेडिट मिळतं, डार्टमथमध्ये क्रेडिट नाही, फक्त वरच्या कोर्सला बसता येतं
- मेजरच्या (डिग्रीच्या मुख्य विषयाच्या) रिक्वायरमेंट्सची यादी

हे दुसरं फार महत्त्वाचं. डिग्रीला साधारण १२० क्रेडिट लागतात, ३० आधीच हातात असले तर एक वर्ष वाचतं असं वाटतं, पण ते नुसतेच इलेक्टिव्हमध्ये (मेजरबाहेरच्या ऐच्छिक कोर्समध्ये) गेले आणि मेजरचे कोर्स एकामागून एकच घ्यावे लागत असले (इंजिनिअरिंगला हमखास) तर तीन वर्षांत उरकत नाही. आमच्या मुलीचं असंच झालं, एक सेमिस्टरच वाचलं, तरी त्या फीचा केवढा आधार झाला.

मेडिकलला जायचंय त्यांनी बायो किंवा केमिस्ट्रीचं एपी क्रेडिट घेण्याआधी ॲडव्हायजरला विचारा, बऱ्याच मेडिकल स्कूल्सना ते कोर्स कॉलेजात केलेलेच हवे असतात.

येणाऱ्यांनी इथेच नाव टाका, लिंक शनिवारी देते.