सुट्टीत व्याख्यानं नकोत, काम द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘सुट्टीत मुलं करतात तरी काय’ या विषयावर आपल्या अंकात सध्या बरीच पत्रं येत आहेत. लिहिणारे सगळे पालक, नाहीतर निवृत्त शिक्षक. ज्यांना सुट्टी आहे त्यांच्यापैकी कुणीच लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हे पत्र. मी वसईची, यंदा दहावीची परीक्षा दिली आहे.

दहावीनंतरची सुट्टी इतर सुट्ट्यांसारखी नसते. मार्चमध्ये पेपर संपतात, निकाल मे महिन्यात, मग अकरावीचे ऑनलाइन प्रवेश आणि त्यांच्या फेऱ्या. कॉलेज नीट सुरू होईपर्यंत पावसाळा बराच उलटलेला असतो. जुनी पुस्तकं देऊन टाकलेली, नवी अजून हातात नाहीत. मधल्या काळात क्लासवाल्यांचे फोन तेवढे न चुकता येतात. ‘आत्ताच पाया पक्का करा’ म्हणे. (मुलींच्या बाबतीत ‘रिकामी सुट्टी’ हा शब्द जरा जपूनच वापरावा. आगोटीचा म्हणजे पावसाळ्याआधीचा मसाला, वाळवणं, पाहुण्यांचा चहा यात आमचा बराच वेळ जातो. भाऊ तेव्हा मैदानावर असतो.)

आम्हा ख्रिस्ती मुलांचं यात आणखी एक आहे. बोर्डाचे पेपर आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ बहुतेक वेळा एकत्रच येतात. तेव्हा शुक्रवारी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना, चुकत नाही, आणि पेपरच्या भीतीने का होईना, रात्रीची प्रार्थनाही मनापासून होते. मग पवित्र आठवडा, मग ईस्टर. ईस्टर झाला की सगळं एकदम सैल पडतं. रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्ग सुट्टीपुरते बंद होतात. दृढीकरण संस्कार (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा विधी) उरकलेला असला की पुढेही कुणी हजेरी घेणार नसतं. लहान मुलांसाठी मे महिन्यात शिबिर भरतं. मोठ्यांचा युवा संघ असतो, पण तिथले दादा-ताई नोकरीवाले, त्यांच्या बैठका रात्री जेवणं झाल्यावर. पंधरा-सोळा वर्षांची मुलं मधल्या मध्ये लटकतात. सकाळी उठायलाच काही कारण नाही, तर उठून मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, जायला कुठून असणार?

यावर मोठ्यांचा उपाय ठरलेला असतो, तो म्हणजे व्याख्यान. विषय बहुधा मोबाईलचे दुष्परिणाम, आणि निमंत्रण येतं व्हॉट्सअ‍ॅपवर. मोबाईलमुळे वेळ जातो हे आम्हालाही कळतं. त्यापेक्षा मला जास्त खटकतं ते दुसरंच. प्रवचनाच्या रील्स एकामागून एक बघितल्या की आपण प्रार्थना केली असंच वाटायला लागतं. बायबलच्या अ‍ॅपमध्ये वाचल्याची खूण रोज वाढत जाते आणि त्या दिवशी काय वाचलं ते संध्याकाळी आठवत नाही.

मला स्वतःला या सुट्टीत सावरलं ते एका कामाने. आमच्या आळीत एक आजोबा आहेत. काचबिंदूने त्यांची नजर गेली आहे. पूर्वी ते वाडीतली भाजी घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जायचे. सकाळच्या मिस्सानंतर त्यांना वाचून दाखवशील का, असं चर्चमधल्या सिस्टरांनी मला विचारलं. आजोबांचा क्रम ठरलेला आहे. आधी तुमच्या पेपरातल्या निधनवार्ता, मग भाजीचे दर, आणि मग त्या दिवसाचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधल्या येशूचरित्राचा उतारा. मी भराभर वाचायला लागले की म्हणतात, “हळू वाच गं, गाडी सुटत नाय.” एखादी ओळ गाळली गेली तरी त्यांना कळतं.

ईस्टरनंतरच्या शुक्रवारी योहानाच्या शुभवर्तमानातला एकविसावा अध्याय होता. येशू मरणातून पुन्हा उठलेला आहे, शिष्यांना दिसूनही गेलेला आहे, पण आता पुढे काय करायचं ते कुणालाच ठाऊक नाही. तेव्हा त्याचा शिष्य पेत्र म्हणतो, मी मासे धरायला जातो. बाकीचेही त्याच्यासोबत निघतात. रात्रभर जाळ्यात काही लागत नाही. पहाटे काठावर येशू उभा असतो, आणि तो प्रभू आहे हे कळताच पेत्र अंगरखा चढवून पाण्यात उडी घेतो. इथे आजोबांनी मला थांबवलं. “पाण्यात उडी मारायची तर माणूस कपडे काढतो. यानं घातले कशाला?” मला उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी फादरांना विचारलं. प्रभूसमोर उघड्या अंगाने कसं जायचं, म्हणून घातला असेल, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी आजोबांना ते सांगितलं तर म्हणाले, “मग भिजलेल्या अंगरख्यात गेला तो बरा दिसला काय?”

पेत्र आपल्या जुन्या धंद्याला परत गेला, म्हणजे त्याचा विश्वास ढळला, असा अर्थ मी प्रवचनांत ऐकला आहे. मला तो पटत नाही. रिकामपण आलं तेव्हा हाताला येत असलेलं काम त्याने धरलं आणि येशू त्याला भेटला तो त्या कामावरच. काठावर कोळशाचा विस्तव पेटवून, भाकर आणि मासे तयार ठेवून त्याने सगळ्यांना न्याहारीला बोलावलं. रात्र कशी घालवली याचा जाब त्याने विचारला नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये कार्लो आक्युटिस हा इटलीतला शाळकरी मुलगा संत म्हणून जाहीर झाल्यापासून, त्याची जीन्स आणि त्याचा कॉम्प्युटर यांच्याबद्दल आम्ही भरपूर ऐकलं. तो २००६ मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेला. पण त्या वयात तो आपल्या चर्चमध्ये लहान मुलांना धर्मशिक्षण द्यायला मदत करायचा, हे फारसं कुणी सांगत नाही. त्याच्यावर कुणीतरी काम सोपवलं होतं. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया तर कोवळ्या वयातच जेज्वीट संघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर प्राण देणाऱ्यांत ते होते. त्यांच्या सणाला आम्ही नाटुकली करतो, पण त्याच वयाच्या मुलीला रोजच्या मिस्सात वाचन द्यायचं म्हटलं की ‘अभ्यास कर आधी’ असं उत्तर मिळतं. अभ्यास कसला? सुट्टी आहे!

वसई धर्मप्रांतातल्या पॅरिश कौन्सिलांनी, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समित्यांनी, पुढच्या वर्षी दहावीचा शेवटचा पेपर झाल्यावर येणाऱ्या रविवारी नोटीस बोर्डावर कामांची यादी लावावी, एवढीच विनंती आहे. कामं काही थोडी नाहीत. अंथरुणाला खिळलेल्यांना वाचून दाखवणं, शिबिरातल्या लहानग्यांना शिकवणं, मे महिन्यात आळीतल्या क्रुसाजवळ होणारी जपमाळ चालवणं, म्हाताऱ्या बायकांना येत असलेली लग्नातली गाणी त्या आहेत तोवर मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवणं. मोबाईलचा तोही उपयोग होतोच की. प्रत्येक कामापुढे वार आणि वेळ लिहिलेली असावी, आणि एखादा दिवस आम्ही आलो नाही तर ‘का आली नाहीस’ असं विचारणारं कुणीतरी मोठं माणूस असावं. सर्टिफिकेट नाही दिलं तरी चालेल. फक्त वेदीवरची फुलं मुलींनी लावायची आणि खुर्च्या मुलांनी उचलायच्या, अशी वाटणी त्या यादीत नको.

आपली,
एक विद्यार्थिनी, वसई
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)