बिअरलाही हंगाम असतो

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत थंडीतल्या बिअरवरचा लेख वाचला. त्यात दालचिनी, जायफळ घातलेल्या गोडसर बिअरचंच वर्णन आहे. थंडीची बिअर म्हणजे मसाल्याची, असा समज त्यातून होतो, म्हणून हे पत्र.

मी पिंपळगाव बसवंतचा द्राक्ष बागायतदार. बाग आता धाकटा भाऊ पाहतो, त्यामुळे यंदा ऐन डिसेंबरात मुलीकडे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोला येता आलं. इथून उत्तरेला, गाडीने दोनेक तासांवर चिको गाव आहे. तिथली सिएरा नेवाडा ही ब्रूअरी 1981 पासून दर हिवाळ्याला 'सेलिब्रेशन' नावाची बिअर काढते. लाल लेबल, त्यावर बर्फातलं घर. आत मसाला काहीही नाही. सगळी चव माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची, आणि हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा व वास देणाऱ्या एका वेलाच्या बोंडांची.

हॉप्सचा वेल कसा वाढतो ते ऐकून मला आमच्या मांडवाची आठवण झाली. तो दोरीवर पंधरा-अठरा फूट चढतो, थंडीत जमिनीपर्यंत वाळतो आणि पुढच्या वर्षी मुळातून पुन्हा फुटतो. बिअरला लागणारी बोंडं मादी वेलालाच धरतात. आमच्यात थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश, तसे यांच्यात कॅस्केड, सेंटेनियल, चिनूक. या बिअरमध्ये हेच तीन वाण असतात. वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात ऑगस्टअखेर तोडणी सुरू होते. त्या वर्षीचा पहिला माल वाळवून लगेच या बिअरसाठी वापरतात. ती थंडीच्या तोंडावर येते, त्याचं कारण हे आहे. वाळलेलं एक बोंड मी बोटांत चुरडून पाहिलं. आतली पिवळी धूळ बोटांना चिकटली आणि हाताचा वास जेवेपर्यंत गेला नाही.

ग्लासात रंग तांब्याचा, फेस दाट. पहिला वास पपनसाच्या सालीचा, मागोमाग चिडाच्या राळेचा. घोट घेतला की आधी भाजलेल्या साखरेसारखी गोडी लागते, मग कडवटपणा येतो आणि घशाशी बराच वेळ टिकतो. अल्कोहोल 6.8 टक्के, तेव्हा एक बाटली पुरे.

आठवड्याने घराजवळच्या एका दुकानातून हीच बिअर आणली. रंग तोच, पण वास जवळजवळ नाहीच. नुसती चिकट गोडी आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी चव. बाटलीवरची तारीख पाहिली तर ती मागच्या वर्षीची निघाली. मला फार वाईट वाटलं. उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन हॉप्सचा वास आधी मारतात, प्रकाशाने तर बिअरला दुर्गंधीच येते. हुरडा शिळा झाल्यावर कोण खातो? इथे मात्र तसा माल पूर्ण किमतीला विकला जातो, आणि पहिल्यांदाच पिणारा माणूस ही बिअरच अशी असते म्हणून कायमची सोडून देतो. पिकवणाऱ्याचे सहा महिने त्यात गेलेले असतात.

आता पुण्या-मुंबईतही हॉप्सची कडवट बिअर मिळते. लेखकांना विनंती, पुढच्या लेखात वाचकांना एवढं जरूर सांगा: बाटली घेताना आधी तारीख पाहा, आणि दुकानदार ती फ्रिजमधून देतो की उन्हातल्या फळीवरून, तेही पाहा.

— एक द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत (सध्या सॅक्रामेंटो)