बाबा, पाचनईला मी तुमच्याजवळ थांबणार आहे

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, फोनवर हा विषय काढला की तुम्ही आईच्या हातात फोन देता, म्हणून लिहितेय. नानांच्या वर्षश्राद्धानंतरच्या रविवारी सगळ्यांनी हरिश्चंद्रगडाला जायचं नक्की झालंय. गाडी सांगितली, पाचनईत ज्यांच्याकडे उतरायचं त्यांना पैसेही पाठवले. तुम्ही दोघांनी यायचंच आहे. पण पाचनईपर्यंत. वर नाही.

रागावू नका, पुढचं वाचा. "काठी घेईन, सावकाश चढेन," असं तुम्ही काकूला म्हणालात, ते कळलं मला. पाचनईची वाट सोपी म्हणतात, पण ती धडधाकट गुडघ्यांना. दोन-अडीच तासांची चढण, मग तेवढंच उतरायचं, आणि उतारावर गुडघे धरतात हे तुम्हीच सांगता. त्यात स्टेंट बसून अजून वर्षही झालेलं नाही. डॉक्टरांना मी सरळच विचारलं. सपाटीवर हवं तेवढं चाला, गड नको, म्हणाले. वर गाडी जात नाही, मोबाइलला धड रेंज नसते. काही झालं तर तुम्हाला खाली आणेपर्यंत आम्ही काय करायचं?

धाकट्या भावासाठी एवढंही होऊ नये, हे तुम्हाला लागलंय. समजतं मला. पण बाबा, नानांनी कधी कोणाला दमेपर्यंत चढवलं का? खुबी फाट्याला एसटीतून उतरून आपण खिरेश्वरला चालत निघायचो, तेव्हा सगळ्यांच्या पुढे पळू शकणारा हा माणूस मुद्दाम सगळ्यांच्या मागे चालायचा. त्यांच्या कंपनीला सुट्टी गुरुवारची. मित्रांबरोबर खुशाल भटकता आलं असतं. पण आमच्या शाळा असायच्या, म्हणून रविवारची रजा टाकायचे. आणि त्या वर्षी तीच रजा त्यांनी तोलार खिंडीत बसून घालवली. आईला धाप लागली, तर "वहिनी, मी थांबतो," म्हणत स्वतःची सॅक तुमच्या पाठीवर चढवली आणि आम्हाला वर पिटाळलं. आम्ही परतलो तेव्हा वाघाच्या त्या शिल्पाशेजारी तीन दगडांवर चहा उकळत होता आणि आईला हसू आवरत नव्हतं. आई, तेव्हा तू गड चुकला म्हणून एकदा तरी हळहळलीस का?

कोकणकड्यावर मात्र ते कडक. काठापासून लांबच सगळ्यांना बसवायचे. मग एकेकाला पोटावर झोपवून, दोन्ही घोटे घट्ट धरून, हळूहळू पुढे सरकवायचे. खालून येणाऱ्या वाऱ्याने डोळ्यांतून पाणी यायचं. वाळकं पान टाकायला लावायचे, तर ते दरीत न पडता उलट वर येऊन आमच्या डोक्यावरून मागे जायचं. याच कड्यावरून 1835 साली साईक्स साहेबाला गोल इंद्रधनुष्य, म्हणजे इंद्रवज्र दिसलं, ही गोष्ट तेव्हाच. आम्हाला ते कधी दिसलं नाही. नानांची ती पकड मात्र अजून घोट्यांना आठवते. "बघ बिनधास्त, सोडत नाही मी."

तर आता असं ठरलंय. छोटू आणि तुमचे जावई काकूला आणि मुलांना वर नेतील. काकूला केदारेश्वराच्या गुहेत जायचंय. पाणी हाडं गोठवणारं असतं, तिला बाहेरूनच हात जोडायला सांगितलंय, ऐकेल असं वाटत नाही. आणि मी तुमच्याजवळ थांबणार. "तू तरी जा वर" असं म्हणू नका. मला खरंच थांबायचंय. तुमच्याकडून नानांच्या लहानपणीचं ऐकायचंय, आणि ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?

उतरायची सोय चांगली आहे. अंगणात खाट, आंघोळीला गरम पाणी, संडास घराला लागून. तरी कमोडची खुर्ची गाडीत टाकतेच आहे. पिठल्यात मीठ कमी घालायला सांगितलंय. अंगणातून वरचे कडे दिसतात.

आई, आता तुझ्यासाठी. बाबांच्या गोळ्या मोजून दोन दिवसांच्या नाही, चार दिवसांच्या घे, आणि रक्त पातळ करायची गोळी तुझ्या पर्समध्ये ठेव, त्यांच्या खिशात नको. तिकडे थंडी मरणाची असेल, कानटोपी आणि लोकरीचे मोजे वरच ठेव. नानांना आवडायचे म्हणून रात्री जागून डिंकाचे लाडू करत बसू नकोस, मी इथून आणते. अकोल्याहून कोतूळकडे वळलं की तुला गाडी लागते, निघण्याआधी अर्धा तास गोळी घे.

नानांची हिरवी सॅक माळ्यावर आहे. ती काढायला बाबांनी स्टुलावर चढायचं नाही. शनिवारी छोटू येतोय, तो काढेल. गाडी सकाळी सहाला दारात येईल. रिकाम्या पोटी निघू नका, आणि पत्र मिळाल्यावर बाबांनी स्वतः फोन करायचा. आईला द्यायचा नाही.

तुमची,
चिमी