मास्तर, निरोप समारंभात राहून गेलेलं

आदरणीय मास्तर,
सप्रेम नमस्कार.

आम्हा पार्सल-ड्रायव्हरांच्या युनियनचे पदाधिकारी म्हणून तुम्हाला निरोप दिला, त्या दिवशी मी शेडमध्ये सगळ्यात मागे, वजनकाट्यापाशी उभा होतो. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, ज्यांनी तुम्हाला पाच मेमो दिले ते मॅनेजरसाहेबही दोन शब्द गोड बोलले. मग "अजून कुणाला बोलायचंय का?" असं विचारलं गेलं आणि तीन-चार जणांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी पटकन समोसा तोंडात कोंबला.

बोलायचं होतं. पण आठ महिने ज्या माणसाच्या नावाने चहाच्या टपरीवर खडे फोडले, त्याचे आभार माइकवर कसे मानायचे ते सुचेना. समोर येऊन बोललो असतो तर तुम्ही नेहमीसारखं "बरं बरं, गाडी लाव आधी" म्हणून वाटेला लावलं असतं. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांच्या देखत. नावं ठेवली ती चारचौघांत, तर आभारही चारचौघांत असावेत.

2018 ची दिवाळी आठवा. भिवंडीचा आपला डेपो, अंजूर फाट्याकडून येणारा तो खड्ड्यांचा रस्ता. सकाळी सहाला हजेरी. मग स्वतःच्या रूटचा माल शोधायचा, स्कॅन करायचा, पिकअपमध्ये रचायचा. पावणेआठला गेट सुटायचं. संध्याकाळी सातला परत गेटमध्ये. त्यानंतर परतीची पार्सलं मोजून द्यायची, रोख रकमेचा मेळ घालायचा, एखादी शंभराची नोट कमी निघाली तर खिशातून भरायची आणि रजिस्टरवर सही करून साडेआठला बाहेर. हे साध्या दिवसांत. दिवाळीच्या सेलमध्ये साडेआठचे साडेदहा व्हायचे.

कंपनीच्या कागदावर मात्र आमची ड्युटी गेटपासून गेटपर्यंत. त्यातूनही जेवणाचा एक तास कापलेला. तो तास मी घोडबंदर रोडच्या कुठल्या तरी टॉवरखाली, एका हातात वडापाव आणि दुसऱ्या हातात फोन धरून "मॅडम, लिफ्ट बंद आहे, खाली येता का" असं विनवण्यात घालवायचो. असा हिशेब करून महिन्याला साधारण 58 तास ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, निघायची. तिचे पैसे साध्या दराने, पगाराच्या स्लिपवर नाही, व्हाउचरवर. आमचं गणित सोपं होतं. पगारातून घरभाडं आणि किराणा, व्हाउचरमधून मुलीची फी. ओटी म्हणजे जास्तीचं काम हे आम्ही विसरूनच गेलो होतो. तो पगाराचाच एक तुकडा झाला होता.

बाकीचा वेळ फोन. "कुठंयस? अजून बावीस राहिलीत. तू नाही करत तर कुणाला देऊ?" रात्री ग्रुपवर यादी पडायची, त्या दिवशी सगळ्यात मागे कोण राहिला त्याचं नाव वर. लहानपणी शाळेत बाकावर उभं करायचे, तसंच. आणि नाही म्हणणाऱ्याच्या वाट्याला दुसऱ्या दिवशी लिफ्ट नसलेल्या चाळींचा रूट.

धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री मी दहा चाळीसला सुटलो. टिटवाळ्याला घरी पोचेपर्यंत बारा वाजून गेले. सकाळी सहाला परत हजेरी. आठच्या सुमारास कशेळी पुलाच्या अलीकडे डोळा लागला. किती वेळ, कुणास ठाऊक. जाग आली ती दुभाजकाला बंपर घासल्याच्या आवाजाने. पुढे दोन हातांवर एक बाई स्कूटीवर होती, मागे शाळेचा गणवेश घातलेलं पोर. ती वळूनही न बघता निघून गेली. मी गाडी कडेला घेतली. हात इतके थरथरत होते की चावी फिरेना.

कंपनीने बंपर आणि दिव्याचे 6,800 रुपये माझ्या पगारातून कापायचं ठरवलं. मी मान्यही करून बसलो होतो. चूक माझीच, झोपलो मीच. तुम्ही मला मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये घेऊन गेलात तेव्हा मला वाटलं, आता मास्तर जोरात भांडणार. तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि मला म्हणालात, "तू बोल. मी बसलोय." माझ्या तोंडून आवाज फुटेना. मग तुम्ही मला एकच गोष्ट विचारलीत, साहेबांच्या देखत: "काल सही किती वाजता केलीस आणि आज किती वाजता?" मी सांगितलं. दहा चाळीस. सहा. तुम्ही शांतपणे म्हणालात, "सात तास वीस मिनिटं. दोन ड्युट्यांच्या मध्ये सलग नऊ तास विश्रांती हवी असं कायदा म्हणतो. आता बंपरचं बोलू."

नुकसानीचे पैसे कापण्याआधी कामगाराला कारण दाखवण्याची संधी द्यावी लागते, हेही तुम्हीच तिथे सांगितलंत. माझं कारण रजिस्टरमध्येच लिहिलेलं होतं, त्यांच्याच पेनाने. ते 6,800 रुपये कापले गेले नाहीत. नंतर माझ्या नागपूर डेपोला बदलीची कुजबुज सुरू झाली, तेव्हा तुम्ही एक पानी पत्र दिलंत. आकसाने केलेली बदली ही 1971 च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे अनुचित कामगार प्रथा ठरते, एवढंच त्यात होतं. कुजबुज थांबली.

इथवर तुम्ही माझ्यासाठी देवमाणूस होतात. बिघडलं ते पुढे.

तुम्ही सगळ्या ड्रायव्हरांना दहा-दहा रुपयांच्या वह्या वाटल्यात. हजेरीची वेळ, माल भरून झाल्याची वेळ, गेट, परत गेट, रोख भरल्याची वेळ, सही. सहा आठवडे लिहायचं. "मास्तर" हे नाव तुम्हाला त्या वह्या तपासण्यावरूनच पडलं, आजच्या पोरांना वाटतं तुम्ही खरंच शाळेत होतात. मग गेट मीटिंगमध्ये तुम्ही 1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा उघडलात. आम्हाला वाटायचं तो एसटीवाल्यांचा. तुम्ही वाचून दाखवलंत: पाच किंवा जास्त कामगार असतील तिथे तो लागू, मालवाहतुकीलाही. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. पहिल्या सहीपासून शेवटच्या सहीपर्यंतचा पसारा बारा तासांच्या आत. ओटीला दुप्पट दर. आणि ज्यावर आम्ही सगळे गप्प झालो ते कलम असं की माल चढवणं-उतरवणं, रोख भरणं, रजिस्टरवर सही करणं, गाडी ताब्यात घेणं, हे सगळं कामाच्या तासांतच धरायचं. म्हणजे आमचा सकाळचा पावणेदोन तास आणि रात्रीचा दीड तास कुणी तरी रोज खिशात घालत होतं.

मी मात्र तुमच्यावर भडकलो. कारण तुमची दुसरी मागणी होती की आधीच्या करारात धूळ खात पडलेलं कलम वापरात आणायचं: जास्तीची ड्युटी चालकाच्या लेखी संमतीनेच. मी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणालो, "तुम्हाला काय मास्तर, तुमची पोरं नोकरीला लागली. आमची ओटी बंद पाडून तुम्ही पुढारी होणार." ते वाक्य मला अजून लागतं. तुम्ही चिडला नाहीत. मीटिंग संपल्यावर एका जुन्या चलनाच्या पाठीवर माझा हिशेब मांडलात. पगार 16,640, महिन्याचे तास 208, म्हणजे तासाला 80 रुपये. 58 तासांचे मिळतात 4,640. दुप्पट दराने तेवढेच पैसे 29 तासांत. "उरलेले 29 तास घरी झोप," तुम्ही म्हणालात. मग वहीवरून ओटीचे खरे तास काढलेत तर आकडा 156 वर गेला. मी चलन चुरगाळून खिशात टाकलं.

आणि एक गोष्ट सांगितलीत जी मला तेव्हा मुळीच पटली नव्हती. दुप्पट दर हा कामगाराचा लाडू नाही, मालकाच्या गाडीचा ब्रेक आहे. साध्या दराने ओटी मिळत असेल तर मालक नवीन माणूस कशाला घेईल? असलेल्यालाच पिळेल.

झालंही तसंच, फक्त आधी उलट्या बाजूने. ठाण्याच्या लेबर ऑफिसात तारखा सुरू झाल्या आणि कंपनीने आमची ओटी एका झटक्यात बंद केली. जादा माल कंत्राटी गाड्यांवर गेला. व्हाउचर शून्य. मुलीची फी हिच्या मंगळसूत्रातल्या दोन वाट्यांवर भरली. त्या आठ महिन्यांत मी तुमच्याबद्दल काय काय बोललो ते तुमच्या कानावर आलंच असेल, टपरीवाला तुमच्याच गावचा. दोन महिने युनियनची वर्गणीही दिली नाही. तुम्ही पावतीपुस्तकात माझ्या नावापुढे "बाकी" लिहिलंत आणि एकदाही मागितली नाहीत. त्याचाच जास्त राग यायचा.

शेवटी करार झाला. हजेरीच्या सहीपासून रोख भरल्याच्या सहीपर्यंत तास मोजायचे. ओटी दुप्पट, स्लिपवर. दर सोमवारी यादी लागणार, ज्याला त्या आठवड्यात जादा ड्युटी नको त्याने नाव लिहायचं आणि त्याला फोन करायचा नाही. मागच्या थकबाकीवर तडजोड झाली, सगळी मिळाली नाही. काही जण अजून म्हणतात मास्तर तिथे नमले. नमला असाल. तारखांना सहा महिने आणखी गेले असते तर आमच्यातले निम्मे फुटले असते, त्यात पहिला मी असतो.

यादीवर पहिल्या सोमवारी एकही नाव नव्हतं. दुसऱ्या सोमवारी तुमचं एकट्याचं. सुपरवायझर यादीपाशी उभा राहून बघत होता. तिसऱ्या सोमवारी मी लिहिलं, पेन दाबून, कारण बुधवारी मुलीचा वाढदिवस होता. त्या दिवशी साडेचारला सुटलो. टिटवाळ्याच्या स्टेशनबाहेर उजेडात उतरलो तर कुठल्या बाजूला जायचं ते क्षणभर कळेना. एवढ्या वर्षांत तो रस्ता मी फक्त रात्रीचाच पाहिला होता.

त्या सुपरवायझरबद्दलही तुम्ही एकदा म्हणाला होतात, "त्याला शिव्या घालू नकोस. तो आपल्याआधी येतो, आपल्यानंतर जातो, आणि त्याला ओटीच नाही." मी त्यानंतर त्याला शिव्या घालणं कमी केलं. बंद नाही केलं.

करारात कंत्राटी ड्रायव्हर आले नाहीत. पेढे वाटताना तुम्ही तेच बोलत होतात, "हे अर्धंच झालंय रे." आज डेपोत कायम ड्रायव्हर बोटावर मोजण्याइतके उरलेत. बाकी सगळी पोरं कंत्राटावर, काही जण तर स्वतःची बाइक घेऊन अॅपवर. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, आपला 1961 चा कायदा त्यांत विरघळला. दुप्पट दर राहिला आणि ओटीला कामगाराची संमती हवी हे आता कायद्यातच आलंय, म्हणजे तुमचं धूळ खाल्लेलं कलम दिल्लीपर्यंत पोचलं म्हणायचं. पण संमती नाकारल्यावर दुसऱ्या दिवशी कामावर घेतील का, हा त्या पोरांचा प्रश्न आहे, आणि त्यांच्या बाजूला खुर्ची ओढून बसायला कुणी नाही.

गेल्या आठवड्यात त्यातलाच एक, बावीस वर्षांचा असेल, रात्री नऊला गाडीच्या बोनेटवर डोकं टेकवून उभा होता. मी त्याला चहा पाजला आणि दहा रुपयांची वही आणून दिली. "काय लिहू?" म्हणाला. मी सांगितलं, "आज किती वाजता आलास तिथपासून." तो पहिली ओळ लिहीत असताना मला वजनकाट्यापाशी गिळलेला समोसा आठवला. आभार मास्तर. बंपरचे, वहीचे, त्या चलनाचे (ते अजून आहे, ड्रायव्हिंग लायसन्सच्या पाकिटात), आणि केबिनमध्ये माझ्याऐवजी बोलला नाहीत त्याचे.

वर्गणीचे ते दोन महिन्यांचे शंभर रुपये अजून बाकी आहेत. पुढच्या रविवारी घेऊन येतो. तुम्ही आता पदावर नाही हे ठाऊक आहे, तरी पावती तुमच्याच हातची हवी. जुनं पुस्तक शोधून ठेवा.

आपला,
घोडबंदर रूटवाला