बालविभागाच्या यादीत फ्रेंच अंतराळकथाही हव्यात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खानदेशातील सार्वजनिक वाचनालयांत ग्रंथखरेदीच्या याद्या तयार होतात तेव्हा बालविभागाच्या वाट्याला काय येते, हे त्या कपाटांपुढे उभे राहिले की लगेच समजते. थोरांची चरित्रे, बोधकथा, सामान्यज्ञानाची पुस्तके आणि इंग्रजीच्या नावाखाली एखादा शब्दकोश व निबंधांची दोन-चार पुस्तके, यापलीकडे यादी सहसा जात नाही. या यादीत इंग्रजीत अनुवादित झालेल्या फ्रेंच विनोदी विज्ञान-चित्रकथांनाही जागा मिळावी, अशी जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील ग्रंथपालांना व वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांना माझी आपल्या पत्राद्वारे कळकळीची विनंती आहे.

आमच्याकडे सेमी इंग्रजीचे वर्ग आता खेडोपाडी पोहोचले आहेत. मुले गुरुत्वाकर्षणाची व्याख्या इंग्रजीतून घडाघडा म्हणून दाखवतात, पण याच भाषेत एखादी गंमत वाचून खदखदून हसण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी येत नाही. त्यामुळे इंग्रजी ही केवळ गुण मिळवण्याची आणि गुण गमावण्याची भाषा होऊन बसते. ही भीती मोडायची असेल तर मुलाला पुढचे पान उलटावेसे वाटेल असे पुस्तकच हाती द्यावे लागते, आणि त्या दृष्टीने ‘सार्डिन इन आउटर स्पेस’ या मालिकेइतके सोयीचे पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. एमॅन्युएल गिबेर यांचे लेखन आणि जोआन स्फार यांची चित्रे असलेली ही मालिका 2006 पासून अमेरिकेतील ‘फर्स्ट सेकंड’ या प्रकाशनाने इंग्रजीत आणली. सार्डिन नावाची चिमुरडी, तिचा सोबती लिटल लुई आणि अंतराळातील लुटारू कॅप्टन यलो शोल्डर ‘हकलबेरी’ नावाच्या यानातून विश्वभर भटकतात. विश्वाचा हुकूमशहा म्हणवणारा सुपरमसलमन आणि त्याचा साथीदार डॉक क्रोक हे त्यांचे कायमचे वैरी. मुलांना पकडून आपल्या अनाथाश्रमात ठेवायचे आणि मुकाट्याने ऐकणारी ‘शहाणी’ बनवायचे, हा त्या हुकूमशहाचा उद्योग, आणि सार्डिनची टोळी तो दर वेळी हाणून पाडते.

हे पुस्तक मी वर्गात फिरवले तेव्हा एका मुलाने सुपरमसलमनच्या चित्रावर बोट ठेवून शेजाऱ्याला विचारले, “हाऊ कोन शे?” (हा कोण आहे?) शेजाऱ्याला सांगता येईना, म्हणून दोघांनी मिळून चित्रावरच्या संवादाच्या फुग्यातील इंग्रजी वाक्य अक्षर लावत वाचून काढले आणि नंतर मागच्या बाकावरील मुलांना सगळा प्रसंग अहिराणीत रंगवून सांगितला. फुग्यातील वाक्य छोटे असते, बोलणाऱ्याचा राग किंवा घाबरगुंडी चित्रात दिसतच असते आणि गोष्टही थोड्या पानांत आटोपते, त्यामुळे अडलेला शब्द मूल स्वतःच अंदाजाने सोडवते. व्याकरणाच्या तासाला तोंड न उघडणारी मुले त्या दिवशी इंग्रजी वाक्ये आपणहून वाचत होती.

यात खरे विज्ञान कुठे आहे, असा प्रश्न विज्ञानाचे शिक्षक विचारतात आणि तो रास्तच आहे. त्यासाठी मी त्यांना टिनटिन या तरुण बातमीदाराच्या चांद्रमोहिमेची दोन पुस्तके वाचावयास सांगेन. त्यांचे कर्ते एर्जे हे बेल्जियमचे असले तरी ती पुस्तके मूळ फ्रेंचमधीलच आहेत. ती 1953 आणि 1954 मध्ये, म्हणजे माणूस चंद्रावर उतरण्याच्या पंधरा वर्षे आधी प्रसिद्ध झाली, आणि लेस्ली लॉन्सडेल-कूपर व मायकल टर्नर यांनी ती इंग्रजीत नेली. अग्निबाणाचे इंजिन बंद होताच टिनटिनचा मित्र कॅप्टन हॅडॉक याच्या पेल्यातील व्हिस्की गोळा होऊन हवेत तरंगू लागते, आणि पुढे तोच कॅप्टन नशेत यानाबाहेर पडून अडोनिस या लघुग्रहाभोवती फिरू लागतो. त्या पेल्यात व्हिस्कीऐवजी सरबत असते तर मला अधिक बरे वाटले असते, परंतु वजनरहित अवस्था आणि कक्षा या दोन्ही कल्पना त्या चार-सहा चौकटींत जितक्या पक्क्या बसतात तितक्या फळ्यावरच्या आकृतीने बसत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

लुईस त्रोंदाइम यांच्या ‘काप्युट अँड झॉस्की’मध्ये ग्रह जिंकायला निघालेले दोन परग्रहवासी जिथे उतरतात तिथे फजीत होतात. त्यांचेच ‘एलियन’ हे पुस्तक तर फारच वेगळे आहे. परग्रहावरील मुलांचे चित्रपुस्तक पृथ्वीवर पडलेले सापडले अशी त्यामागची कल्पना असल्याने त्यातील संवाद कोणालाही न वाचता येणाऱ्या काल्पनिक लिपीत आहेत. इंग्रजी माध्यमातील मूल आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतील मूल त्या पानापुढे एकाच पातळीवर येतात, आणि दोघांनाही केवळ चित्रांवरून गोष्ट लावावी लागते. मात्र त्यातील काही प्रसंग गोंडस चित्रांआड चांगलेच क्रूर आहेत, म्हणून ते आधी मोठ्यांनी चाळावे आणि वरच्या वर्गातील मुलांनाच द्यावे.

चित्रकथांनी वाचन बिघडते आणि असल्या गोष्टींनी मुले उद्धट होतात, हा आक्षेप मला मान्य नाही. मुलांना धाक दाखवून गप्प बसवणाऱ्या हुकूमशहाला मुले हसतात, त्यात वडीलधाऱ्यांचा अवमान होत नाही. फ्रेंच कल्पनाविश्वाचे आपल्याला वावडेही नाही, कारण ज्यूल व्हर्न यांच्या विज्ञानकथा भा. रा. भागवतांनी मराठीत आणल्या आणि त्यावर कितीतरी मुले वाचनाला लागली. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हाताने दैनिक लिहून काढत, आणि 1928 मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. मुलांना आवडेल असे वाचावयास मिळावे म्हणून इतके कष्ट ज्या भूमीत घेतले गेले, तेथील वाचनालयांनी बालविभागाची खरेदी उरकण्यापुरती करू नये.

ही पुस्तके परदेशातून येतात, त्यामुळे ती महाग पडतात, ही अडचण खरी आहे. तेव्हा प्रत्येक वाचनालयाने सगळी घेण्याऐवजी तालुक्यातील दोन-तीन वाचनालयांनी मिळून एकेक संच घ्यावा आणि तो आळीपाळीने फिरवावा. सुरुवात ‘सार्डिन’च्या पहिल्या भागाने आणि टिनटिनच्या चांद्रमोहिमेच्या दोन पुस्तकांनी करता येईल. जिल्हा ग्रंथोत्सवाच्या आयोजकांनीही अशा पुस्तकांचे एक टेबल मांडावे आणि मुलांना ती तिथेच बसून चाळू द्यावीत. मराठी प्रकाशकांपैकी कोणी हक्क मिळवून यांतील एखादे पुस्तक मराठीत आणणार असेल, तर त्याच्या प्रती आगाऊ नोंदवण्यासाठी आमच्या भागातील शाळांकडे शब्द टाकण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपला विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षक,
अमळनेर, जि. जळगाव