उंची किती, यापेक्षा वर्षाला किती वाढली ते पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलांची उंची हमखास वाढवून देणाऱ्या जाहिराती आपल्या आणि इतरही दैनिकांत अधूनमधून दिसतात. आयुष्यभर बालरोगतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या मला त्यांचा राग येतो तो पैसे वाया जातात म्हणून नाही. भुकटीच्या भरवशावर वर्ष-दोन वर्षे निघून जातात, म्हणून. हाडांच्या टोकांशी असलेला कूर्चेचा (मऊ, लवचिक हाडाचा) थर भरून आला की उंची थांबते. मुलींमध्ये हे साधारण 14-15व्या वर्षी घडते, मुलग्यांमध्ये थोडे उशिरा. त्यानंतर कुठलेच औषध उपयोगी पडत नाही.

बहुतेक ठेंगण्या मुलांना आजार नसतो, हेही खरे. आईवडीलच चणीने लहान असतील तर मूल ताडमाड कुठून होणार? काही मुले वयातच उशिरा येतात आणि मग झपाट्याने अंतर भरून काढतात. त्यांच्या मनगटाच्या एक्स-रेत हाडांचे वय मागे दिसते, म्हणजे हाडे खऱ्या वयापेक्षा लहान मुलाची वाटतात. (थायरॉइड आणि ग्रोथ हार्मोनच्या कमतरतेतही ते मागेच असते, त्यामुळे नुसत्या एक्स-रेवर कुणी निर्धास्त होऊ नये.)

खरी मेख वाढीच्या वेगात आहे. पहिल्या वर्षी मूल सुमारे 25 सेंटिमीटर वाढते, दुसऱ्या वर्षी 10 ते 12. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत दरवर्षी 5-6 सेंटिमीटर वाढ हवी. ती 4च्या खाली गेली, तर मूल वर्गात कितव्या रांगेत उभे राहते याचा विचार न करता तपासणी करावी.

पालक सर्वांत जास्त फसतात ते गुटगुटीत मुलाच्या बाबतीत. जास्त खाऊन लठ्ठ झालेले मूल सहसा वयाच्या मानाने उंच असते. म्हणून अंगाने भरत चाललेले पण उंचीला थांबलेले मूल दिसले की थायरॉइडची कमतरता, कॉर्टिसॉल या संप्रेरकाचा अतिरेक किंवा दीर्घकाळ पोटात जाणारी स्टेरॉइड्स यांचा संशय घ्यावा. उलट मूल बारीक आणि खुजे असेल तर मूत्रपिंड, आतडी, जुनाट रक्तक्षय तपासावा. सिलिॲक आजारात, म्हणजे गव्हातले ग्लुटेन न सोसणाऱ्या आतड्याच्या विकारात, कधी कधी पोटाची काहीच तक्रार नसते. खुंटलेली उंची एवढीच खूण असते.

मुलींना तर आणखी उशिरा आणतात. ‘मुलगी आहे, चालायचंच!’ मुलींची उंची खुंटवणाऱ्या टर्नर सिंड्रोममध्ये दोनपैकी एक एक्स गुणसूत्र नसते किंवा अपुरे असते. दोन-अडीच हजार मुलींत एकीला हा विकार असतो आणि चेहऱ्यावरून तो कळेलच असे नाही. निदान झाले तर उंचीइतकेच हृदय आणि मूत्रपिंड तपासणेही महत्त्वाचे ठरते.

घरी मोजमाप सोपे आहे. चपला काढा, अंबाडा किंवा क्लिप सोडा, टाचा भिंतीला टेकवा, नजर समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचे पुस्तक भिंतीशी काटकोनात धरून पेन्सिलीने खूण करा आणि तारीख लिहा. दिवसभरात उंची सेंटिमीटरभर कमी होते, म्हणून दर वेळी शक्यतो सकाळीच मोजा. सहा-सहा महिन्यांच्या अशा नोंदी घेऊन आलेल्या पालकांचे माझे निम्मे काम झालेले असे.

अशा जाहिराती थांबवणे आपल्याला शक्य नसेल, तर निदान त्यांच्या शेजारी वयानुसार वाढीचा तक्ता छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बालरोगतज्ज्ञ